कुटकीच्या बाटलीवरचं अक्षर

शहनाज,

काल तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला इंदापूरला जाऊन आले आणि तिथंही मला तुझा हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. तुमच्या काष्ठौषधींच्या दुकानापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत चपला ठेवायला जागा नव्हती. बारामतीहून आपली अख्खी लॅब आली होती. केळीच्या विभागातल्या मुली, बाटल्या धुणाऱ्या मावशी, इतकंच काय, दूध शीतकरण केंद्रावरची माणसंसुद्धा हातात टोपी घेऊन उभी होती. प्रत्येकाला तुझ्याबद्दल काही ना काही सांगायचं होतं. मी बायकांच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते आणि मनात एकच येत होतं, की मी गेले तर पिंपळीच्या आमच्या अंगणात यातलं कोण कोण येईल. मेलेल्या मैत्रिणीच्या घरी बसून कुणी असला विचार करतं का? मी करते. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तर तुझ्याशीच बोलते आहे.

निघताना चाचांना भेटायला दुकानात डोकावले. तुझे अब्बा हिरड्याच्या पोत्याला टेकून बसले होते. अंगात तोच सदरा, सुंठ-ओव्याचा वास असलेला. समोर भिगवणकडचा कुणी पाहुणा होता, त्याला सांगत होते, "माझी पोरगी हिमालयात जाऊन आली. डाक्टर म्हनायचा जिना चढू नको, आन् ही बर्फापत्तर चढली. कुटकीचं झाड सोताच्या हातानं उपटून आणलं तिनं. आमच्या तीन पिढ्या कुटकी इकत्यात, पण झाड म्हनून कुणी बघितलं न्हवतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही सुमन. ही हुती की तिच्या संगट. काय पोरी?"

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. हिमालयात तू गेली नव्हतीस शहनाज. मी गेले होते.

तुझी आठवण काढायची तर सुरुवात हातापासून करायला हवी, कारण माझं सगळं पोटात दुखणं तिथून सुरू झालं. आपण दोघी एकाच महिन्यात त्या लॅबमध्ये लागलो. दोघी वनस्पतिशास्त्राच्या, दोघींचा वर्ग पहिला. काम असं, की काचेच्या बाटलीत जेलीसारखं खाद्य ओतायचं, त्यावर झाडाचा इवलासा तुकडा ठेवायचा, तो फुटला की त्याचे पुन्हा तुकडे करून नव्या बाटल्यांत भरायचे. महिन्याच्या महिन्याला हेच. हवेतला बुरशीचा एक कण आत गेला की बाटली कामातून गेली. म्हणून तोंडाला फडकं बांधायचं, बोलायचं नाही, खोकायचं नाही, चिमटा प्रत्येक वेळी स्पिरिटच्या दिव्यावर लाल करायचा. आणि बाटलीवर भरणारीनं आपलं अक्षर घालायचं, म्हणजे बिघडली तर कुणाच्या हातून बिघडली ते कळावं. माझं 'सु', तुझं 'श'.

दर सोमवारी सर बिघडलेल्या बाटल्या ओट्यावर मांडून ठेवायचे. कुणाला बोलायचे नाहीत, नुसते मांडून ठेवायचे. माझ्या 'सु'ची तिथं रांग लागायची, आत कापसासारखी पांढरी बुरशी. तुझी एखादी सापडली तर सगळे जमा होऊन बघायचे, पाहुणा आल्यासारखे. आणि तू तर नियम पाळायचीस असंही नाही. फडक्याच्या आत गुणगुणत असायचीस. मी श्वास कोंडून काम करायची, मान आखडेपर्यंत, आणि माझ्या बाटल्या जायच्या. तू गाणी म्हणत भरायचीस आणि तुझ्या राहायच्या. मी सरांना एकदा म्हटलंही, की शहनाज काम करताना गाते. सर म्हणाले, "मग तूही गाऊन बघ."

त्या दिवशी तुला हसू आवरेना. जेवताना डब्याचं झाकण उघडायच्या आधी म्हणालीस, "सुमे, तू अडाणी न्हाईस, तू ताठ हाईस. ताठ माणसाचा हात कापतो." मला इतका राग आला की तुझ्या डब्यातला खिमा मी त्या दिवशी खाल्ला नाही. नंतर वाईट वाटलं, ते खिम्यासाठी.

आईच्या ऑपरेशनच्या वेळचं आठवतंय? मी रजेवर होते आणि माझ्या बाटल्यांची भरायची वेळ टळून चालली होती. परत आले तर सगळ्या भरून तयार, वर 'सु' लिहिलेलं. तू भरल्या होत्यास, आणि अक्षर माझं घातलं होतंस. त्या सोमवारी ओट्यावर माझी एकही बाटली नव्हती. सर म्हणाले, "सुमन, हात बसला तुझा." मी तुला बाटल्या वाढवायच्या खोलीच्या मागं गाठलं आणि फाडफाड बोलले. माझं अक्षर तू कसं वापरलंस, मला दान नको, वगैरे. तू म्हणालीस, "आगं, तुझी झाडं हुती म्हनून तुझं अक्षर." मला तुझ्या उपकाराचाही हेवा वाटायचा, इथपर्यंत माझी मजल होती. मला असं कधीच सुचलं नसतं.

आणि मग कुटकी आली. सरांच्या डोक्यातली कल्पना. ही वनस्पती हिमालयात झाडांची हद्द संपते त्याच्या वर उगवते, पोटाच्या आणि यकृताच्या औषधात लागते, आणि लोक मुळासकट उपटून विकतात म्हणून डोंगर उघडे पडत चाललेत. ती बाटलीत वाढवायची, आणि तीही बारामतीत, जिथं एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं. सगळे हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "आमच्या दुकानात हाय कुटकी. काळी, वाळकी, उंदराच्या शेपटीवानी." दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत घेऊन आलीस आणि प्रत्येकाला चाटवलीस. मी थुंकायला बाहेर पळाले. तू मात्र जिभेवर तशीच ठेवून उभी होतीस. लहानपणी ताप आला की अब्बा हेच द्यायचे म्हणालीस.

त्याच तापानं तुझ्या हृदयाची झडप खराब केली होती. म्हणून झाड आणायला कुणी जायचं हा प्रश्न आला तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं. उंचावर हवा विरळ, डॉक्टरांनी तुला साफ मनाई केली. सर, एक त्यांचे गढवालमधले मित्र, आणि मी. खरं सांगते, बारामतीच्या स्टँडवरून निघताना मला इतका आनंद झाला होता की तो लपवावा असंही वाटलं नाही. तू सोडायला आली होतीस. खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, "सगळं बघून ये. नुसतं झाड न्हाय, सगळं." मला वाटलं, आता काय, आता ही मागे पडली.

मी परत आले तेव्हा ओल्या शेवाळात गुंडाळलेले तुकडे घेऊन आले, नाकाची सालटी निघालेली, आणि गोष्टींनी भरलेली. तू मला तुझ्या मावशीच्या खोलीवर नेलंस, चहा केलास आणि प्रश्न विचारायला सुरुवात केलीस. रात्री थंडी किती पडते. वारा कुठून येतो. माती काळी की दगडाळ. झाड उन्हाच्या बाजूला होतं की सावलीच्या. पान हिरवंगार होतं की लालसर. बर्फ वितळल्यावर किती दिवसांत फुटतं. मी काय पाहिलं होतं? मी डोंगर पाहिले होते, ढग पाहिले होते, एक मेंढपाळ पाहिला होता जो अगदी आमच्या मोरगावकडच्या धनगरासारखा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. पानाचा रंग मला आठवेना. तू मला डोळे मिटायला लावलेस आणि आठवायला लावलंस. मिटल्यावर दिसलं, कडेला लालसर होतं. तू इतकी खूश झालीस, जणू ते तूच पाहिलं होतंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं की डोंगर माझ्या हातातून निसटायला लागला आहे.

पुढचं वर्ष माझं होतं. ते वर्ष माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, तूसुद्धा नाही. आपण दोघींनी कुटकीची वेगवेगळी ओळ धरली, म्हणजे तुझ्या बाटल्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या. तुझी झाडं रडतखडत वाढायची. माझी फोफावली. मी पिंपळीची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली पोर. आम्हाला पीक म्हणजे काय ते माहीत. भरपूर खाऊ घाला, भरपूर पाणी द्या. खाद्यात साखर वाढवली, फुटवे यायची संप्रेरकं वाढवली, खोली एकसारखी उबदार ठेवली. बाटलीत मावेना इतकी कुटकी झाली. हिरवीगार, लुसलुशीत. बुरशीनं काही जायच्या, पण उरलेल्याच इतक्या होत्या की सोमवारच्या ओट्याचं मला काही वाटेनासं झालं. सर पाहुण्यांना माझा रॅक दाखवायचे. तू शेजारी उभी राहून म्हणायचीस, "लई भारी झालीय गं." तुझ्या आवाजात हेवा आहे का, हे मी कान देऊन ऐकायची. नव्हता. त्याचाही मला राग यायचा.

मग तू एके दिवशी माझ्या बाटलीतलं एक पान चिमट्यानं उचललंस आणि तोंडात टाकलंस. लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही हा पहिला नियम. चावलंस, आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी समजले. म्हणालीस, "सुमे, ही कडू न्हाय."

मी तुझ्यावर किती चिडले ते आठवतंय मला. नमुने पुण्याला गेले, तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासले, आणि उत्तर तेच आलं. माझ्या त्या डोंगराएवढ्या हिरवळीत औषधाचा कडू अंश जवळजवळ नव्हताच. मी कुटकीची मेथी करून ठेवली होती. तुझ्या रडक्या झाडांतही फारसा नव्हता, पण माझ्यापेक्षा बरा होता.

आता येतो आपला खरा वाद. तो अजून मिटलेला नाही आणि आता मिटणारही नाही, म्हणून माझी बाजू एकदा नीट मांडून ठेवते. तू आमच्या घरी पिंपळीला जेवायला आली होतीस. उसाची तोड लांबली होती. माझे वडील, तात्या, ओट्यावर बसून कारखान्याच्या नावानं खडे फोडत होते. "पानी तोडून बसलोय कवाचा," तात्या म्हणाले, "टोळीचा पत्त्या न्हाय. पानी द्यावं तर साखर उतरती, न द्यावं तर ऊस वाळतोय. करावं काय मानसानं?" मी ताटात भाकरी वाढत होते. हे वाक्य मी जन्मल्यापासून दर वर्षी ऐकत आले आहे. बारामतीत ते कुणाला माहीत नाही? तोडीआधी उसाचं पाणी तोडतात, म्हणजे गोडी वाढते.

तुझा घास हातातच राहिला. "तात्या, पानी तोडल्यावर ऊस गोड का हुतो?"

"आता का म्हंजी? हुतो. वाढ थांबती, मग गोडी धरतो."

परतताना लूनावर माझ्या मागं बसून तू माझ्या कानात ओरडत होतीस, वाऱ्यात अर्धं उडून जात होतं. झाड वाढण्यात गुंतलं की कडू करत नाही. कडू ते अडचणीत करतं. थंडी वाजली, ऊन लागलं, की मग. मीच सांगितलं होतं ना, पान लालसर होतं, रात्री पाणी गोठत होतं. आपण त्याला बारामतीत गादीवर झोपवलंय. त्याच्या आत ते कडू करायचं सगळं लिहिलेलं असेल गं, पण ते वाचायची त्याला गरजच पडत नाही.

म्हणजे बघ. पाणी माझ्या बापाचं. डोंगर मी चढलेला. लालसर पान माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि कल्पना तुझी. तू म्हणायचीस, "तुमचंच हाय सगळं, मी नुसतं जोडलं." पण जोडलंस तू. इंदापूरच्या दुकानदाराच्या मुलीनं, जिच्या घरी उसाचं कांडं नाही, आणि जी कधी मोठा घाट चढली नाही. माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून. मी तुला त्यानंतर कितीतरी दिवस पाण्यात पाहत होते. तुला ते कळत होतं आणि तू रोज माझ्यासाठी डब्यात जास्तीचं आणत होतीस, त्यामुळे धड भांडताही येत नव्हतं.

बारामतीत थंडी कुठून आणायची, हेही तुलाच सुचलं. आपल्या लॅबचा एसी म्हणजे वीज असेल तेव्हा. तू दूध शीतकरण केंद्रावर गेलीस. तिथं लोण्याच्या थंड खोलीबाहेर एक बोळी होती, जनरेटर असल्यामुळे कायम गार. तिथल्या माणसांना तू काय सांगितलंस कोण जाणे, पण त्यांनी बोळीत एक मांडणी ठोकून दिली, वर ट्यूबलाइट लावली. तुझ्या बाटल्या तिथं. मी मुद्दाम माझ्या बाटल्या गरम खोलीतच ठेवल्या. तुलना करायला हवी म्हणून, असं मी सरांना सांगितलं. तुलना करायला हवी होती हेही खरंच होतं.

काही आठवड्यांनी तू मला तिकडं घेऊन गेलीस. तुझी झाडं वीतभरही नव्हती. बोटाएवढी, घट्ट, पानांच्या कडा लालसर. मी काही बोलायच्या आत तू एक पान माझ्या जिभेवर ठेवलंस. मी थुंकले नाही. तो कडूपणा मला ओळखीचा होता. डोंगरावर मेंढपाळानं मूळ खणून दिलं होतं, ते चावल्यावर ऋषिकेशपर्यंत जिभेवरून उतरलं नव्हतं. बोळीत मागं दुधाचे कॅन आदळत होते, आणि मला रडू आलं. तुला वाटलं आनंदानं. अर्धं आनंदानं होतं.

कडू पदार्थ आहे हे पुण्यात सिद्ध झालं, पण सरांना पुढचं हवं होतं. झाडात तो पदार्थ तयार करायच्या वाटेवरचं जीन थंडीत खरंच जास्त काम करतंय का, ते पाहायचं होतं. त्यासाठी पानं तोडल्या क्षणी गोठवून न्यायला हवीत, नाहीतर जीनचा निरोप वाटेतच विरून जातो. गोठवायला द्रव नायट्रोजन कुठून आणणार? गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या डॉक्टरकडून आपण ते नायट्रोजनचं ॲल्युमिनियमचं भांडं मागून आणलं. एका पुडीत तुझी पानं, एकीत माझी. एसटीत आपल्या दोघींच्या मध्ये ते भांडं, झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ. मोरगावला चढलेले एक आजोबा किती तरी वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"बाई, ह्यात काय हाय? धूर निघतुया."

मी "औषध" म्हणणार तोच तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "वळू हाय, आबा. जर्सी."

"मंग बरुबर," आजोबा म्हणाले आणि आमच्या गावाला कधी येणार असं विचारायला लागले. जेजुरी गेली, सासवड गेलं, दिवेघाट उतरलो, तरी आपलं हसू थांबत नव्हतं. शहनाज, हेवा वगैरे सगळं एकीकडे ठेवते. एवढं पोट धरून मी आयुष्यात कुणाबरोबर हसले नाही, आणि आता कुणाबरोबर हसणार हे मला माहीत नाही.

पुण्याहून काळी फिल्म आली, एक्स-रेसारखी. दोन रकाने. ज्यात जीन जास्त बोलतं तिथं डाग गडद पडतो. तुझ्या रकान्यात डाग इतका गडद होता की सरांनी चष्मा पुसून पाहिला. माझ्या रकान्यात धुरकट छाया. जीन तेच, झाड तेच, माझ्या हातानं आणलेल्या एकाच तुकड्यापासून वाढलेलं. तू फिल्म खिडकीशी धरून म्हणालीस, "बघ सुमे, तुझ्यातबी हाय. नुसतं गप बसलंय." तू झाडाबद्दलच बोलत होतीस. तरी ते मला लागलं, आणि लक्षात राहिलं.

मग तुझी झडप थकली. जिना चढताना तू मधल्या पायरीवर थांबायला लागलीस आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्याचं सोंग करायचीस. मीही तुझ्याबरोबर थांबून बघायची. दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा तू म्हणालीस, "बाटल्या भरायला आल्या असतील." मी म्हटलं, "बघते मी." एवढंच. सांगायचं होतं ते दोघींच्याही तोंडात राहिलं. मला वाटलं होतं, वेळ आहे.

तू गेलीस त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावलं. केळीच्या रोपांची मागणी वाढली होती, रॅक कमी पडत होते. "कुटकीची एकच ओळ ठेवू," सर म्हणाले. "कोणती ते तू ठरव. दोन्ही तूच ओळखतेस." त्यांनी मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. मी आधी माझ्या रॅकसमोर, मग बोळीतल्या तुझ्या मांडणीसमोर उभी राहिले. माझी ओळ हिरवीगार, भरभरून. तुझी खुरटी, त्यातल्या अर्ध्या बाटल्यांचं खाद्य संपलेलं, पानं पिवळी पडायला लागलेली. वाटलं, हीच वेळ आहे. आता कोण बघणार आहे. मग दोन्हींतलं एकेक पान तोंडात टाकलं. तुझी सवय. माझ्या बाटल्या मी स्वतः रिकाम्या करून मावशींकडे धुवायला दिल्या. मावशी म्हणाल्या, "चांगली हुती की वो ही." मी म्हटलं, "चांगलीच होती."

तुझी झाडं मी भरायला बसले. दिवा पेटवला, चिमटा लाल केला. श्वास कोंडायचा प्रयत्न केला, पण कोंडेना. म्हणून मी फडक्याआड गुणगुणायला लागले. तुझंच काहीतरी बेसूर गाणं. पहिली बाटली भरून झाली आणि काचेवर लिहायची पेन्सिल हातात घेतली. इतकी वर्षं मला वाटत होतं, या झाडांवर माझं अक्षर असायला हवं होतं. आता असायलाच हवं होतं, नियमच तो. भरेल तिचं अक्षर. तू भरलेल्या जुन्या बाटल्या धुवायला जाणार, त्यांच्यावरचा 'श' पुसला जाणार, आणि मग लॅबमध्ये तुझं अक्षर कुठंच उरणार नव्हतं. झाडं जगवायची तर तुला पुसायला हवं होतं. मी पेन्सिल टेकवली आणि 'श' लिहिला. सगळ्यांवर. तारीख ट्रेच्या चिठ्ठीवर असते, आणि ती चिठ्ठी सर कधी वाचत नाहीत.

काल तुमच्या दुकानाच्या दारात उभी होते तेव्हा चाचा माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मला कळलं, तू घरी काय सांगत होतीस ते. मी गढवालला होते ते सगळे दिवस तू बारामतीत मावशीकडे होतीस, आणि इंदापूरला गेल्यावर तू अब्बांना माझा डोंगर सांगितलास. काठीवर हनुवटी टेकलेला मेंढपाळसुद्धा. चाचांनी मला त्याचंही वर्णन ऐकवलं, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगलं ऐकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्यामागं मला एवढं एकच शिल्लक होतं, की मी चढले आणि तू चढली नाहीस.

"काय पोरी," चाचा पुन्हा म्हणाले, "दमली असंल की न्हाय ती चढताना?"

"न्हाय चाचा," मी म्हटलं. "मीच दमले. ती पुढं होती."

आज सकाळी दूध केंद्रावरच्या बोळीत सर बाटल्या बघायला आले. महिना उलटून गेला आहे, बिघडायच्या असत्या तर केव्हाच बिघडल्या असत्या. त्यांनी एक उचलली, मग दुसरी, मग शेवटपर्यंत सगळ्या पाहिल्या. आतली झाडं घट्ट धरली आहेत, कडा लालसर व्हायला लागल्या आहेत, बुरशीचा ठिपका कुठं नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातानं भरलेला एक पूर्ण ट्रे पहिल्यांदाच स्वच्छ राहिला आहे. सरांनी एक बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, काचेवरच्या 'श'वरून अंगठा फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बघ सुमन. हात असावा तर असा."

माझ्या ओठांवर आलं होतं शहनाज. अगदी ओठांवर.

"हो सर," मी म्हटलं. "तिचा हातच तसा होता."